मध्यम पिकअपला मोठी बोट झेपेल का?

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला राहतो. आमच्याकडे 2019 सालचा, चार दारांचा, फोर-व्हील ड्राइव्ह टोयोटा टॅकोमा आहे. पुस्तिकेप्रमाणे त्याची ओढण्याची क्षमता 6,400 पौंड आहे. आम्ही 24 फुटी वापरलेली बोट घेण्याच्या विचारात आहोत. इंजिनासह तिचे वजन 4,800 पौंड असल्याचे विक्रेता सांगतो, म्हणजे 1,600 पौंड हाताशी राहतात. उन्हाळ्यात आम्ही पाच जणांनी ती घेऊन टाहो सरोवरावर जायचे म्हटले, तर हा ट्रक पुरेल का? ट्रकच्या दाराच्या चौकटीवर ‘माणसे आणि सामान मिळून 1,100 पौंडांपेक्षा जास्त भार नको’ अशी पट्टी आहे. तिचा येथे काही संबंध येतो का?

उत्तर : येतो, आणि तो फार जवळचा आहे. आधी विक्रेत्याच्या आकड्याकडे पाहू. 4,800 पौंड हे कोरड्या, रिकाम्या बोटीचे वजन आहे. 70 गॅलन पेट्रोल भरले की साधारण 430 पौंड वाढतात, पिण्याच्या पाण्याची 20 गॅलनची टाकी असेल तर आणखी 165, आणि बॅटऱ्या, नांगर, दोर, लाइफ जॅकेट, बर्फाच्या पेट्या यांचे 300 पौंड सहज होतात. दोन आसांच्या ट्रेलरचे स्वतःचे वजनही 1,300 पौंडांच्या आसपास धरावे लागेल. ही सगळी बेरीज 7,000 पौंडांच्या घरात जाते, म्हणजे आपल्याला जिथे 1,600 पौंड शिल्लक दिसत होते, तिथे प्रत्यक्षात 600 पौंड जास्त होतात.

आता दारावरची पट्टी. ट्रेलर केवळ मागून ओढला जात नाही, त्याच्या वजनाचा काही भाग हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रकच्या मागे ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर, उभा दाबतो, आणि तो भार ट्रकने पाठीवर घेतलेल्या सामानातच मोजावा लागतो. हा भाग एकूण वजनाच्या सुमारे दहा टक्के असावा लागतो. येथे तो 700 पौंड होईल. 1,100 मधून 700 वजा केल्यावर पाच माणसांसाठी आणि त्यांच्या सामानासाठी 400 पौंड उरतात, आणि तेवढ्यात दोन मोठी माणसे आणि त्यांच्या बॅगाच बसतील. मध्यम आकाराच्या पिकअपची मर्यादा बहुधा अशी पाठीवरच्या भारापाशी आधी गाठली जाते, हे खरेदीच्या उत्साहात हमखास विसरले जाते.

रस्त्याचाही विचार हवा. सॅक्रामेंटो जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, आणि आंतरराज्य महामार्ग 80 डॉनर शिखराजवळ 7,200 फुटांवर पोहोचतो. आपल्या ट्रकच्या 3.5 लिटर इंजिनाला टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारे यंत्र, नाही. असे इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के जोर गमावते, म्हणजे माथ्यावर पाचवा हिस्सा गेलेला असतो. तरीही मला चढापेक्षा परतीच्या उताराची जास्त काळजी वाटते. बोटीच्या ट्रेलरला बहुधा रेट्यावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक असतात : ट्रक मंदावला की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. लांब उतारावर हा रेटा जवळजवळ सतत राहतो, ब्रेक तापत जातात आणि नेमक्या गरजेच्या क्षणी त्यांची पकड कमी होते. मी एकदा अशाच एका उतारानंतर विश्रांतिस्थळी थांबून ट्रेलरच्या चाकाच्या मध्यभागी तळवा टेकवला, तर तो क्षणभरही ठेववेना, आणि रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे उडालेले होते. बेअरिंगचे सील फुटले होते. गरम चाके रॅम्पवरून थेट थंड पाण्यात गेली की हबमध्ये, म्हणजे बेअरिंग बसवलेल्या चाकाच्या मधल्या भागात, पाणी ओढले जाते, आणि माझ्या ट्रेलरचे आधीच्या हंगामात तेच झाले असणार.

तेव्हा ही बोट या ट्रकच्या मागे टाहोपर्यंत नेऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो. भरलेल्या ट्रेलरसह एकूण वजन 5,000 पौंडांच्या आत राहील अशी 20 फुटांच्या आसपासची बोट पाहावी. तेव्हाही बॉलवर 500 पौंड येतील आणि पट्टीप्रमाणे माणसांसाठी 600 उरतील, म्हणून दोघांनी दुसऱ्या गाडीने यावे. मन 24 फुटी बोटीवरच बसले असेल, तर ती सरोवराकाठच्या मरीनात, म्हणजे बोटी ठेवायच्या धक्क्यावर, ठेवावी आणि हंगामात दोनदा वाहतूकदाराकडून न्यावी-आणावी. कोणतीही बोट घेण्यापूर्वी विक्रेत्याला ती इंधनासह ट्रेलरवर चढवायला सांगून ट्रक थांब्यावरच्या काट्यावर वजन करून घ्यावे. घाट उतरताना माथ्यावरच खालचा गिअर टाकावा आणि ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांसाठी कॅलिफोर्नियात असलेली ताशी 55 मैलांची मर्यादा पाळावी.

प्रश्न : आमची बोट 19 फुटांची आहे आणि वजन मर्यादेत आहे, तरी टेक्सासच्या महामार्गावर साठ मैलांच्या वेगाला ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. असे का होते?

उत्तर : आपल्याकडे बैलगाडी भरताना ती धुरजड, म्हणजे पुढे जड, होऊ नये आणि उलाळ, म्हणजे मागे जड, हीही होऊ नये, याकडे लक्ष देतात. आपला ट्रेलर उलाळ झाला आहे. मागे टांगलेले आउटबोर्ड इंजिन आणि मागच्याच बाजूची भरलेली टाकी यांमुळे बॉलवरचा भार दहा टक्क्यांच्या बराच खाली गेला असावा. ट्रेलरवर बोटीचे नाक ज्या खांबाला टेकते, तो खांब काही इंच पुढे सरकवून बोट पुढे घ्यावी, जड सामान बोटीतून काढून ट्रकमध्ये ठेवावे आणि बॉलवरचा भार पुन्हा मोजावा. झुलणे सुरू झालेच, तर ट्रकचे ब्रेक जोरात दाबू नयेत आणि वेग वाढवूनही पाहू नये. सुकाणू सरळ धरून फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा.