नागपुरात रोजची सायकल: तुमच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. अशा शहरात रोज सायकल चालवा म्हणणं कितपत बरोबर आहे? (एक वाचक, त्रिमूर्तीनगर)

नवतपातल्या दुपारी सायकल काढा, असं मी कोणालाच सांगणार नाही. पण मे काही बारा महिने नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नागपूरइतकी सायकलीला सोयीची हवा फार थोड्या शहरांना मिळते. भर उन्हाळ्यातही सकाळी आठच्या आत दूध, भाजी, किराणा होऊन जातो. डोक्याला दुपट्टा बांधा, निघण्याआधी पाणी प्या आणि दुपारची कामं सरळ बसने किंवा मेट्रोने करा. नागपूर मेट्रोत सायकल सोबत नेता येते, त्यामुळे लांबचा टप्पाही अडत नाही.

सिव्हिल लाइन्समधून जाताना जुन्या झाडांची सावली अंगाला लगेच जाणवते, वर्धा रोडच्या मोकळ्या पट्ट्यावर चटका बसतो. म्हणून रस्ता रुंद करायला झाडं तोडायला निघाले, की सायकलवाल्यांनी सर्वांत आधी हरकत घ्यावी. सावली गेली तर नुसता ट्रॅक आखून आपल्या शहरात कोणी सायकल चालवणार नाही.

प्रश्न: मुलगी आठवीत आहे. ट्यूशन अडीच किलोमीटरवर. तिला सायकलनेच जायचंय, पण माझा जीव खालीवर होतो. (एक आई, मानेवाडा)

ताई, तुमची भीती अगदी खरी आहे. मुलीला धीट करणं हा त्या भीतीवरचा उपाय नाही, रस्ता सुधारायला हवा. आज सायकलींसाठी ओळखल्या जाणाऱ्या नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्ते अपघातांत चारशेहून जास्त मुलं दगावली होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांचे बळी थांबवा’ म्हणून चळवळ उभी राहिली आणि रस्ते बदलत गेले.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. एका रविवारी सकाळी तुम्ही तिच्यासोबत तो रस्ता सायकलने किंवा पायी पुरा करा. रिंग रोड टाळून आतल्या गल्ल्यांतून वाट काढा, अर्धा किलोमीटर जास्त पडला तरी चालेल. मोठ्या चौकात तिने उतरून सायकल हातात धरून रस्ता ओलांडावा. वळणाऱ्या बस-ट्रकच्या डावीकडे कधीच थांबू नये, ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही. उभ्या कारपासून हातभर अंतर ठेवावं, दार कधी उघडेल सांगता येत नाही.

आणखी एक, खास आपल्या सिमेंट रस्त्यांचं. सिमेंटचा थर आणि बाजूचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) यांच्यामध्ये कितीतरी ठिकाणी चार बोटांची पायरी राहते. मागून हॉर्न वाजला की मूल घाबरून कडेला घेतं, चाक त्या काठाला घासतं आणि सायकल आडवी होते. ती पायरी तिरकी चढायची नाही, वेग कमी करून चाक सरळ समोरून चढवायचं, हे तिला प्रत्यक्ष दाखवा. सीट इतकीच उंच ठेवा की थांबल्यावर पाय टेकेल. मागे लाल लाइट हवाच. त्याच बॅचच्या तीन-चार मैत्रिणी मिळून निघाल्या तर गाडीवाले आपोआप वेग कमी करतात.

प्रश्न: वय 58, गुडघे कुरकुरतात. इलेक्ट्रिक सायकल घेतली तर लायसन्स लागेल का? (सेवानिवृत्त शिक्षक, महाल)

सर, मोटर 250 वॅटपर्यंतची आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही, नोंदणीही नाही. गुडघ्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या. चालवताना पायडल हलकं फिरेल असाच गिअर ठेवा.

प्रश्न: सोसायटीत पाच-सहा सायकली धूळ खात पडल्या आहेत. लोकांना सवय लागावी म्हणून काय करावं? रॅली काढावी का? (सोसायटीचे सचिव, मनीषनगर)

रॅली काढा, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. रविवारी टी-शर्ट घालून फुटाळा तलावावर जाऊन आलेली माणसं सोमवारी कोपऱ्यावरच्या डेअरीत स्कूटरनेच जातात. का, ते तुमच्या पार्किंगमध्ये बघा. सायकल मागच्या भिंतीला, समोर चार दुचाक्या, टायरमध्ये हवा नाही. ती काढायला दहा मिनिटं लागतात आणि स्कूटर एका बटणावर निघते.

गेटजवळची, छताखालची जागा सायकलींना द्या. भिंतीत लोखंडी कडी बसवा म्हणजे कुलूप लावता येईल. वॉचमनच्या केबिनमध्ये हवा भरायचा पंप ठेवा. पंक्चरवाल्याला एकदा बोलावून सगळ्या सायकली नीट करून घ्या, प्रत्येकीला पुढे टोपली किंवा मागे कॅरियर लावा. सामान ठेवायला जागा नसली की माणूस पिशवीसाठी पुन्हा स्कूटर काढतो.

मग महापालिकेकडे वळा. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1974 पासून रविवारी मुख्य रस्ते गाड्यांना बंद ठेवतात, आज ते शंभराहून जास्त किलोमीटर भरतात. एवढं मोठं आपण लगेच मागायला नको. तुमच्या जवळच्या एका शाळेभोवतीचा एक किलोमीटर धरा. तिथे वेग ताशी 30, शाळेच्या वेळेत कडेला पार्किंग बंद आणि गट्टूंची पायरी सपाट, एवढ्या तीनच मागण्या लिहा. पायरीवर मोजपट्टी ठेवून फोटो काढा, पालकांच्या सह्या घ्या आणि अर्ज झोन कार्यालयात देऊन पोच घ्या.