कॉलेजसाठी सीओ-पीओ अटेनमेंट (विषयाची उद्दिष्टं म्हणजे सीओ आणि पूर्ण अभ्यासक्रमाची म्हणजे पीओ, ती विद्यार्थ्यांनी किती गाठली ते) काढणारं सॉफ्टवेअर बनवायचंय, सुरुवात कुठून करू?

डॅशबोर्ड शेवटी करा, आधी मार्कांची एंट्री. एनबीएसाठी (अभ्यासक्रमांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) नुसती बेरीज पुरत नाही, प्र. १ (अ) चे ५ मार्क कुठल्या सीओचे, हे प्रत्येक उपप्रश्नाला जोडलेलं लागतं. '५ पैकी कोणतेही ३ सोडवा' आलं की खरी गंमत. न सोडवलेला प्रश्न म्हणजे शून्य नव्हे, तो रकाना रिकामाच ठेवा. नाहीतर अटेनमेंट उगाच खाली येतं. (आमच्याकडे पहिल्या वर्षी हेच झालं, रात्रभर एक्सेल उकरत बसलो होतो.) अटेनमेंट लेव्हलचे टक्के (किती टक्के विद्यार्थ्यांनी ठरलेले मार्क गाठले की कुठली लेव्हल) कोडमध्ये ठोकू नका, ते सेटिंगमध्ये हवेत. सीओ-पीओ मॅट्रिक्सचे १-२-३ (कुठला सीओ कुठल्या पीओशी कमी, मध्यम की जास्त जोडलेला) सुद्धा. मूडल (ऑनलाइन शिकवण्या-परीक्षेचं सॉफ्टवेअर) आधीच वापरत असाल तर क्विझचे मार्क तिथून सीएसव्ही फाइलने उचला. आणि एक्सेलमधून कॉपी-पेस्ट चाललंच पाहिजे, नाहीतर सर-मॅडम लोक ते उघडणारही नाहीत.