पुरळ नाही सापडलं तर?

पावसाळा लागला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आयांचं एक वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, हा सारखा आजारी पडतो. याची प्रतिकारशक्तीच कमी आहे का?" पाळणाघरात नव्याने जाऊ लागलेल्या मुलाला वर्षातून 8-10 वेळा सर्दी-ताप होणं नेहमीचं आहे. हे त्यांच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं असतं, पण तेवढ्याने त्यांचं समाधान होत नाही. त्यांना हमी हवी असते.

त्यातल्याच एकीची ही हकीकत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून. मुलगा पावणेदोन वर्षांचा, दिवसभर पाळणाघरात. ती नोकरी करणारी. गावाकडून सासूबाईंचा रोज फोन: "अंगावर काही उठलं नाही ना गं?" रात्री मूल झोपलं की ती मोबाईलचा टॉर्च लावून त्याचं अंग तपासायची. तळहात, तळपाय, कानामागे, पोटावर. घामोळं दिसलं तरी फोटो काढून दोन-तीन डॉक्टरांना पाठवायची. तापात तर थर्मामीटर दर अर्ध्या तासाला. हल्ली ती जवळ आली की मूल सदरा घट्ट धरून "नको" म्हणायचं. तेव्हा ती माझ्याकडे आली.

सुरुवात 'हँड फूट माउथ'पासून झाली होती. (जनावरांच्या लाळ्या-खुरकूताशी याचा काही संबंध नाही. हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच.) हातापायांवर लाल पुटकुळ्या, तोंडात फोड. तिला आधी डास चावल्यासारखं वाटलं, म्हणून त्याला पाळणाघरात सोडलं. आठवड्याभरात आणखी दोन मुलांना झालं आणि पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "आजारी पोरं पाठवतातच कशी?"

मूल 7-10 दिवसांत बरं झालं. ते वाक्य मात्र तिच्या मनातून गेलं नाही.

मी विचारलं, "रात्री तुम्ही नेमकं काय शोधता?"

"पुरळ."

"सापडलं तर?"

"डॉक्टरांकडे नेईन."

"आणि नाही सापडलं तर?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मी घाई केली नाही. अशा वेळी गप्प बसता येणं हे आमच्या कामातलं निम्मं कौशल्य आहे, असं माझं जुनं मत आहे. शेवटी ती म्हणाली, "मग मला वाटतं, मी नीट बघितलंच नसेल."

म्हणजे सापडलं तरी भीती, न सापडलं तरी भीती. तपासण्याने तात्पुरतं बरं वाटतं आणि तेच पुढच्या तपासणीला बोलावतं. टॉर्चच्या उजेडात ती आजारापेक्षा स्वतःवर येऊ शकणारा ठपका शोधत होती.

मग मी तिला एकच गोष्ट सांगितली. यातले बरेच आजार अंगावर दिसायच्या आधीच पसरू लागतात. कांजिण्यांत पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून, गोवरात तर चार दिवस आधीपासून. हँड फूट माउथचंही तसंच. "त्या सकाळी तुम्ही त्याला घरी ठेवलं असतं तरीही त्या दोन मुलांना झालं असतं, कदाचित." ती रडली. ते रडणं मोकळं होण्याचं होतं, मला कळलं.

पुढचं काम सोपं होतं. तिच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून एक कागद तयार केला. पुरळ कसलं आहे हे ओळखायचं काम डॉक्टरांचं. आईने मूल बघायचं: पाणी-दूध पितंय का, शू नेहमीसारखी होतेय का, ताप उतरला की खेळतंय का, श्वास शांत आहे का. ताप दिवसातून तीनदाच मोजायचा. औषध पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेलं. अ‍ॅस्पिरिन कधीच नाही. तोंडात फोड असतील तर गार ताक, मऊ भात.

वाट बघायची नाही अशा गोष्टी ठळक अक्षरांत लिहिल्या. मूल सुस्त पडलंय, धाप लागलीय, झटका आला, मान ताठ झाली, सहा-आठ तास शू नाही, किंवा काचेचा पेला दाबून धरला तरी न विरणारे लाल-जांभळे डाग. सावळ्या अंगावर ते चटकन दिसत नाहीत, म्हणून तळवे आणि पापण्यांच्या आतली बाजूही बघायची. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट ताप म्हणजे थेट दवाखाना. या दिवसांत डेंग्यूचंही भान हवं: ताप उतरताना मूल सुधारण्याऐवजी मलूल झालं, पोट दुखू लागलं, सारख्या उलट्या झाल्या, तर तसंच उठून जायचं.

गोवराबद्दल मी स्वतःहून बोलते. 2022 मध्ये मुंबईत, गोवंडीच्या बाजूला, गोवराची साथ आली होती ते आठवतंच. ताप, खोकला, लाल डोळे आणि मग कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरणारं पुरळ असेल तर 'बाई आल्यात' म्हणून कडुलिंबाच्या पाल्यावर थांबू नये. पाला ठेवा हवा तर, पण डॉक्टरांकडे जा. आणि लस 9 महिन्यांना व 16 ते 24 महिन्यांत, दोन्ही डोस.

काही आठवड्यांनी मुलाला पुन्हा ताप आला, चांगला 103. कागदाप्रमाणे ती तिसऱ्या दिवशी दाखवून आली. चौथ्या सकाळी ताप गेला आणि पाठीवर-पोटावर गुलाबी पुरळ उठलं. लहान मुलांच्या रोझिओलात असंच होतं: ताप गेल्यावर पुरळ.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"आधी शिरा भरवला. खाल्लाही त्याने. मग डॉक्टरांना फोन केला." आणि थोडं थांबून, "मॅडम, पुढच्या वेळी सासूबाईंच्या फोनबद्दल बोलायचं का?"