बुद्धिबळ इंजिनाच्या शोधाची खोली वाढली म्हणजे ताकद वाढली असं नाही (माझे तीन महिने असेच गेले)

तुमची पोस्ट वाचून हसू आलं, मग जरा कळवळलो. नल मूव्ह (पाळी सोडली तरी आपलं चांगलंच चाललंय का हे बघून शोध तोडायची युक्ती) घातल्यावर तुमचं इंजिन 8 ऐवजी 11 खोलीपर्यंत, म्हणजे दोघांच्या मिळून इतक्या चाली पुढपर्यंत, जातंय, तरी जुन्या आवृत्तीशी दहापैकी सात डाव हरलं, आणि तेही बहुतेक प्यादी उरल्यावर. आठ वर्षांपूर्वी बडोद्यात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून मी हेच करत होतो.

अल्फा-बीटा (निकालावर फरक पडणार नाही अशा चालींच्या फांद्या न बघताच छाटणं) तुम्हाला येतंच, ते सोडतो. एवढंच लक्षात ठेवा की त्या छाटणीने उत्तर बदलत नाही. प्रत्येक वेळी सरासरी 35 चाली शक्य धरल्या तर 8 खोलीला सव्वादोन लाख कोटी शक्यता होतात. चालींचा क्रम उत्तम लागला तर तेच काम तीसेक लाखांत होतं, आणि सापडणारी चाल तीच. नल मूव्ह, लेट मूव्ह रिडक्शन (यादीत मागे असलेल्या चाली कमी खोलीवर बघणं), फ्युटिलिटी (आशा नसलेल्या चाली न बघताच सोडणं) ही मंडळी मात्र अंदाजावर चालतात. वेळ वाचतो, पण कधीतरी नको ती फांदी तुटते.

तुमची फांदी बहुधा इथे तुटतेय: पांढरा राजा डी5, प्यादं ई4, काळा राजा एफ4, प्यादं ई5. ज्याची पाळी तो हरला. नल मूव्ह इथे म्हणते, ‘मी पाळी सोडून बघते’, आणि पाळी सोडल्यावर अडकतो समोरचा! इंजिन खूश होऊन तिथेच शोध थांबवतं. म्हणून ज्याची पाळी आहे त्याच्याकडे राजा आणि प्यादीच उरली असतील तर नल मूव्ह बंद. शह असताना बंद. लागोपाठ दोनदाही नाही.

आता माझा गाढवपणा. मी एका संध्याकाळी तिन्ही छाटण्या एकदम घातल्या आणि ‘दोघांना समान न्याय’ म्हणून दोन्ही आवृत्त्यांना 6 खोलीवर बांधून 40 डाव खेळवले. निकाल 20-20. छाटणीचा काही उपयोग नाही असं ठरवून सगळा कोड काढून टाकला आणि तीन महिने मूल्यमापनाचे (पटावरची स्थिती किती चांगली ते मोजण्याचे) आकडे इकडचे तिकडे करत बसलो. एका रात्री सहज डावांच्या फाइली उघडल्या. नव्या आवृत्तीने पांढऱ्या बाजूने खेळलेले वीसच्या वीस डाव 61 चालींचे, शेवटची चालही तीच! ओपनिंग बुक (सुरुवातीच्या तयार चालींची यादी) नाही, सुरुवात एकच, खोली ठरलेली. म्हणजे मी दोनच डाव वीस-वीस वेळा खेळवले होते. शिवाय खोली बांधली की छाटणीने वाचलेला वेळ वापरायलाच मिळत नाही, तोटा तेवढा पदरात पडतो. तो 20-20 चा आकडा मी प्रेझेंटेशनमध्येही टाकला होता, आणि समोर बसलेल्यांपैकी एकानेही विचारलं नाही. रात्री लॅब मागायला गेलो तर ‘गेम खेळायला लॅब मिळत नाही’ असं उत्तर मिळालं होतं, तेही तीन प्रतींत अर्ज दिल्यावर. असो.

तेव्हा दर चालीला ठरावीक वेळ द्या. वेगवेगळ्या ओपनिंग घ्या आणि प्रत्येक ओपनिंग रंग बदलून दोनदा खेळवा. एका वेळी एकच बदल. दहा डावांवरून काहीच कळत नाही. शंभर डावांतही पन्नास-साठ एलोचा (खेळाची ताकद मोजणाऱ्या गुणांचा) फरक निव्वळ नशिबाने दिसू शकतो. स्टॉकफिश या प्रसिद्ध इंजिनवाले 2013 पासून फिशटेस्ट या त्यांच्या चाचणी यंत्रणेवर स्वयंसेवकांच्या संगणकांवर एकेका बदलासाठी हजारो डाव खेळवतात, ते उगाच नाही.

रिडक्शनमध्ये एक जागा तपासाच. कमी खोलीवर बघितलेली चाल अल्फाच्या (आतापर्यंत सापडलेल्या सर्वोत्तम गुणांच्या) वर आली तर ती पूर्ण खोलीवर पुन्हा बघायची असते. मी ते विसरलो होतो. माझ्या मते नवख्याने फ्युटिलिटीला हातच लावू नये, पण हे माझं मत. मी हौशी माणूस, माझं इंजिन कुठल्या स्पर्धेत उतरलेलं नाही.

आणि आपल्याकडच्या मे महिन्यात लॅपटॉपवर जितके कोअर तितके डाव एकदम लावू नका. तापून मंदावतो आणि वेळ बांधून खेळवलेल्या डावांचे निकाल वाकडे येतात. मी खाली दोन वाट्या उपड्या ठेवून वर टेबलफॅन सोडायचो, आई वाट्या शोधत फिरायची.

आधी तुमच्या त्या दहा डावांच्या फाइली उघडा. त्यातले डाव हुबेहूब सारखे निघाले तर इथे जरूर लिहा, मी एकटाच नव्हतो एवढं तरी कळेल.