नवरा असून मला चौदाच दिवस?

गेल्या पावसाळ्यात सल्ला विचारायला दुबईहून एका जोडप्याचा व्हिडिओ कॉल आला. नवरा आपल्या साताऱ्याकडचा, तिथे एका गोदामात सुपरवायझर. ती फिलिपिन्समधल्या इलोइलोची, क्लिनिकमध्ये नर्स. चार वर्षांपूर्वी साताऱ्यातच स्पेशल मॅरेज ॲक्टखाली नोटीस लावून, तीस दिवस थांबून लग्न केलेलं. दोघं एकाच सोफ्यावर बसली होती, पण मध्ये एक भलंमोठं खोकं. परदेशात राहणारी फिलिपिनो माणसं घरी पाठवायला महिनोन्‌महिने भरत राहतात, तो बालिकबायन बॉक्स. साबण, चॉकलेटं, कॉर्न्ड बीफचे डबे आणि वर नीट घडी घातलेले टॉवेल.

त्याने सुरुवातच तक्रारीने केली. "ताई, माझ्या कामावरचा इंग्रज माणूस बायकोबरोबर मनिलाला उतरला, तर त्याला वर्षभराचा शिक्का मारून दिला. त्याची बायको फिलिपिनो, माझीही फिलिपिनो. मग मला चौदाच दिवस का? आमचं लग्न काय खोटं आहे?"

आखातात राहणाऱ्या अशा जोडप्यांकडून हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. त्यामागची भीती मात्र वेगळी असते. त्याच्या कंपनीत माणसं कमी करणं चाललं होतं. तिथला त्याचा राहण्याचा परवाना नोकरीवर, तिचा तिच्या नोकरीवर. उद्या एकाची नोकरी गेली तर एका छपराखाली राहायचं कुठे, ही खरी धास्ती.

आधी शिक्क्याचं सांगितलं. परदेशातून परतणाऱ्या फिलिपिनो माणसासाठी १९८९ चा बालिकबायन कायदा आहे, २००२ मध्ये त्यात सुधारणा झाली. परतणाऱ्या माणसाचा परदेशी जोडीदार सोबत प्रवास करत असेल तर त्यालाही वर्षभर व्हिसाशिवाय राहता येतं. पण जोडीदाराचा पासपोर्ट फिलिपिन्सच्या नेहमीच्या व्हिसामुक्त यादीतल्या देशाचा हवा. ब्रिटन त्या यादीत आहे, भारत नाही. जून २०२५ पासून भारतीयांना चौदा दिवस व्हिसाशिवाय जाता येतं, ती पर्यटकांसाठीची वेगळी सवलत. ते दिवस वाढवून मिळत नाहीत आणि तिथे जाऊन व्हिसाचा प्रकारही बदलता येत नाही. सासरी महिना-दोन महिने राहायचं तर निघण्यापूर्वीच वकिलातीतून रीतसर व्हिसा घेऊन जावं, त्याची मुदत तिथे वाढवता येते. थोडक्यात, अधिकाऱ्याने त्यांचं लग्न नव्हे, त्याच्या पासपोर्टचं कव्हर बघितलं होतं.

तो गप्प झाला. मग ती बोलली, अर्धं इंग्रजीत, अर्धं मोडक्या मराठीत. "हा म्हणतो, मी काउंटरवर भांडले नाही. मी रांगेत उभी होते. माझी आई बाहेर वाट बघत होती." तिचे डोळे भरून आले. तेव्हापासून दोघांत हेच धुमसत होतं. त्याला वाटायचं, हिने आपल्यासाठी शब्द टाकला नाही. तिला वाटायचं, ह्याला आपल्या गावात राहायचंच नाही, नियमाचं नुसतं निमित्त. मी त्या दिवशी कागदाला हात लावला नाही. एकमेकांना काय वाटलं ते आधी एकमेकांना सांगा, म्हटलं. मला त्यात बोलायची गरज पडली नाही. अर्ध्या तासाने त्याने मधलं खोकं उचलून बाजूला ठेवलं, आणि मला हायसं वाटलं.

पुढच्या भेटीला दोघं फाइल घेऊन बसली. "तिकडे तुमचं लग्न कळवलंय का?" मी विचारलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. फिलिपिनो नागरिकाने बाहेर लग्न केलं तर ते फिलिपिन्सच्या वकिलातीत कळवायचं असतं. तिथून ते सरकारी नोंदणीत जातं आणि मग तिकडचा दाखला मिळतो. यांनी कळवलंच नव्हतं. चार वर्षं ती आपल्या देशाच्या दफ्तरी अविवाहित! हे मी पुन्हापुन्हा पाहते आणि दर वेळी जीव हळहळतो, कारण पुढचा प्रत्येक अर्ज तिथेच अडतो. लग्न भारतात झालं म्हणून नोंद दिल्लीच्या वकिलातीमार्फत करायची, दुबईच्या नव्हे. वर्ष उलटून गेल्यामुळे उशिराचं कारण सांगणारं प्रतिज्ञापत्रही जोडायचं. दाखला हाती यायला महिने जातात, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

कायम राहायला जायचं तर १९४० च्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम १३ (ए) आहे, फिलिपिनो जोडीदाराच्या आधारावर मिळणारा निवासाचा व्हिसा. आधी एक वर्ष परीक्षेचं, मग कायम. त्यात परस्परतेची अट आहे: अर्जदाराचा देशही फिलिपिनो माणसांना तशीच कायम निवासाची सवलत देत असला पाहिजे. त्या अटीत न बसणाऱ्या काही देशांच्या नागरिकांसाठी तात्पुरत्या निवासाचा वेगळा व्हिसा असतो. भारतीय पासपोर्टवर आपला अर्ज कुठल्या प्रकारात घेणार, हे दुबईतल्या फिलिपिन्सच्या कॉन्सुलेटला लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा, असं मी बजावलं. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर पैसे भरलेल्यांची रडं मी ऐकली आहेत.

त्याच्या बाजूचा मार्ग जास्त मोकळा होता, आणि तो त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. भारतीय नागरिकाशी झालेलं लग्न नोंदवून सलग दोन वर्षं टिकलेलं असेल तर परदेशी जोडीदाराला भारतात हवं तितकं राहू देणाऱ्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. नावात 'सिटिझन' असलं तरी ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, त्यामुळे तिचं फिलिपिनो नागरिकत्व जात नाही. तिने लगेच विचारलं, "मग शेत?" सासूबाईंनी तिला बांधावरचं आंब्याचं झाड दाखवून "हे तुझं" म्हटलं होतं. मला सांगावं लागलं की ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि फिलिपिन्सच्या राज्यघटनेप्रमाणे तिच्या गावात त्याला जमीन घेता येत नाही. दोघं हसली. भेटी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच.

दिवाळीच्या सुमारास तिचा निरोप आला. दिल्लीला कागद पोचले होते, ओसीआयचा अर्ज भरून झाला होता, आणि त्याने या वेळी इलोइलोला जाण्यासाठी आधी व्हिसा काढला होता. सोबत खोक्याचा फोटो. टॉवेलांच्या वर सासूबाईंनी पाठवलेल्या कांदा-लसूण मसाल्याची बरणी, झाकणाला तीन पदरी प्लास्टिक गुंडाळलेली. खाली तिने लिहिलं होतं, "आईला तिखट चालत नाही. पण हा म्हणतो, पाठव."