विमानातून चुंबकीय सर्वेक्षण करून जमिनीखालची खनिजं खरंच सापडतात का?

थेट खनिज नाही, पण ते कुठे शोधायचं याचा फार मोलाचा माग सापडतो. विमान ठराविक अंतराच्या समांतर रेघांवर कमी उंचीवरून उडतं आणि मॅग्नेटोमीटर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले बारीक चढउतार टिपत जातो. हे क्षेत्र साधारण 25,000 ते 65,000 नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) असतं. खाली मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकीय लोहखनिज, असलेला खडक आला की आकडा हलतो. मातीचा किंवा चुनखडीचा थर आड येत नाही, आणि मला याचीच सर्वात जास्त भुरळ पडते. हे तंत्र दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधताना पक्कं झालं.

कॅनडातल्या ओंटारिओमधलं मार्मोरा पाहा. 1949 च्या सुमारास हवाई सर्वेक्षणात तिथे चुंबकीय क्षेत्रात ठळक विसंगती, म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळा आकडा, दिसली. वर लोखंडाचा मागमूस नव्हता, सगळी चुनखडीच. ड्रिलिंग केल्यावर खाली लोहखनिज मिळालं. सुमारे 35 मीटर चुनखडी उपसून 1955 मध्ये खाण सुरू झाली आणि 1978 पर्यंत चालली.

सोनं, तांबं मात्र स्वतः चुंबकीय नसतं. तिथे नकाशावरून भ्रंश (खडक तुटून सरकलेल्या जागा), खडकांच्या सीमा, घुसलेले अग्निजन्य खडक ओळखून अंदाज बांधावा लागतो. आपल्या दख्खन पठारावर तर वरचा बेसॉल्टच चुंबकीय, त्यामुळे खालच्या खडकाची खूण वेगळी काढणं किचकट. शेवटी ड्रिलिंगला पर्याय नाही, फक्त भोक कुठे पाडायचं ते कळतं.