शेवटच्या ग्रिलपर्यंत हवा का पोहोचत नाही?

प्रश्न : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे पत्राकामाचे वर्कशॉप आहे. एका टॉवेल कारखान्याच्या शिलाई विभागात कूलरसाठी ४५० × ३०० मि.मी.चा डक्ट (हवा नेणारा पत्र्याचा चौकोनी मार्ग) बसवून दिला. आडवी तुळई चुकवण्यासाठी तो ३०० मि.मी.च्या बाजूने दोनदा काटकोनात वळवावा लागला. त्यापुढील ग्रिलमधून हवा फारच कमी येते. मालक मोठी मोटर बसवा म्हणतात. बसवावी का?

उत्तर : तूर्त बसवू नये. त्याच डक्टमधून २० टक्के जास्त हवा ढकलायची, तर पंख्याला सुमारे १.७ पट शक्ती लागते. शिवाय मूळ दोष जागच्या जागीच राहतो.

एल्बोचा, म्हणजे डक्टच्या वळणाच्या तुकड्याचा, आतला कोपरा टोकदार असला, की हवा तिथे पत्रा सोडून बाहेरच्या बाजूला फेकली जाते, आत भोवरा तयार होतो आणि डक्टच्या उंचीचा बराच भाग निरुपयोगी ठरतो. तुमच्याकडे तर पहिल्या भोवऱ्यातून सावरण्याआधीच हवेला दुसरे वळण घ्यावे लागते. माझ्या मते दोन्ही एल्बो काढून त्यांच्या जागी ३० अंशांच्या उताराचा एकच ऑफसेट तुकडा (डक्टला तिरके नेऊन बाजूला सरकवणारा) बनवावा. तेवढी लांबी मिळत नसेल, तर आतल्या वळणाची त्रिज्या ३०० मि.मी. ठेवून गोल एल्बो करावेत. टोकदार एल्बोच्या मानाने त्यांतील दाबाची घट साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येते. तेही शक्य नसेल, तरच काटकोनी एल्बोत व्हेन (हवेला वळण देणाऱ्या बाकदार पट्ट्या) बसवावेत.

जुने एल्बो उतरवाल तेव्हा सांध्यात हात घालून पाहा, मात्र हातमोजे घालूनच. आत आलेल्या स्क्रूच्या टोकांना सुताचे तंतू अडकून गुंता झालेला आढळण्याची शक्यता आहे, कारण टॉवेल कारखान्याच्या हवेत ते असतातच. म्हणून आखूड स्क्रू किंवा रिव्हेट वापरावेत, गॅस्केटची (सांधा हवाबंद करणाऱ्या पट्टीची) आत डोकावणारी कड कापावी, आणि सरकवून जोडायच्या सांध्यात पंख्याकडचा तुकडा पुढच्या तुकड्याच्या आत जाईल असे पाहावे, म्हणजे पत्र्याची धार वाऱ्यासमोर येत नाही.

दुरुस्तीपूर्वी आणि नंतर शेवटच्या ग्रिलवर हवेचा वेग मोजून दोन्ही आकडे मालकांना दाखवावेत. अडथळा कमी झाल्यावर ब्लोअर (कूलरचा पंखा) जास्त हवा फेकतो आणि मोटरचा करंट वाढू शकतो. तो नेमप्लेटवरील मर्यादेत आहे याची क्लॅम्प मीटरने खात्री करूनच काम ताब्यात द्यावे.